करंट स्थिर, आर्क अस्थिर

या आठवड्यात प्लाझ्मा स्प्रेसाठीच्या एका पॉवर सोर्सचं माहितीपत्रक हाती आलं. नवा इन्व्हर्टर बसवा, करंटमधला रिपल जवळपास नाहीसा होईल आणि कोटिंग एकसारखं उतरेल, असा त्याचा दावा. पहिला भाग खरा आहे. दुसरा नाही, आणि त्याच्या भरवशावर छोटे कारखानदार कर्ज काढतात, याचा मला संताप येतो.

जुना सहा-पल्स थायरिस्टर रेक्टिफायर आपल्या 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर 300 हर्ट्झचा रिपल सोडतो. इन्व्हर्टर तो घालवतो, हे चांगलंच. पण टॉर्चच्या आत आर्कचं एक टोक टंगस्टनच्या कॅथोडवर पक्कं असतं, तर दुसरं तांब्याच्या अ‍ॅनोडवर मोकळं. वायूचा झोत ते पुढे रेटतो, आर्क लांबते, व्होल्टेज चढतं. मग भिंतीलगतचा थंड वायूचा थर भेदून आर्क मागेच नवी जागा पकडते आणि व्होल्टेज कोसळतं. आर्गॉनमध्ये हायड्रोजन असला की हे सेकंदाला काही हजार वेळा घडतं. तुम्ही 500 अँपिअर कितीही घट्ट धरा, व्होल्टेज आर्कच्या लांबीवरच ठरणार. म्हणजे पॉवर हलणारच. झिर्कोनियाला वितळायला सुमारे 2700 अंश सेल्सिअस लागतात आणि कण झोतात जेमतेम मिलिसेकंदभर असतो. एक कण पुरता वितळतो, त्याच्या मागचा कच्चाच जाऊन आदळतो.

आता याच्याशेजारी कॅस्केड टॉर्च ठेवून पाहा. तिथे कॅथोड आणि अ‍ॅनोड यांच्यामध्ये एकमेकांपासून विलग केलेल्या कड्या असतात. आर्कला अधेमधे टेकायला जागाच उरत नाही. तिची लांबी जवळपास बांधलेली राहते. व्होल्टेज शंभराच्या वर जातं, तेवढ्याच पॉवरला करंट कमी पुरतो आणि चढउतार कितीतरी आटोक्यात येतो. इथे इन्व्हर्टरचा स्थिर करंट खऱ्या अर्थाने कामी येतो. सुधारणा टॉर्चच्या रचनेत आहे, आणि आपण पैसे घालतो पॉवर सोर्सच्या कपाटात.

साध्या टॉर्चवर करंट वाढवला तर तो थंड थर पातळ होतो आणि आर्कच्या उड्या कमी होतात, हेही खरं. पण अ‍ॅनोड लवकर झिजतो. झिजला की सरासरी व्होल्टेज उतरतं, आणि किलोवॉटचा आकडा राखायला ऑपरेटर आणखी अँपिअर चढवतो. झीज आणखी वाढते. म्हणून मी पुन्हा तेच म्हणतो, माझे नेहमीचे वाचक कंटाळले असतील तरी: त्याच करंटला, त्याच वायूला, दर शिफ्टच्या सुरुवातीचं व्होल्टेज वहीत लिहा. नाकारल्या गेलेल्या निम्म्या कोटिंगांचं मूळ त्या वहीत सापडेल, असं माझं ठाम मत आहे.

आणि पॉवर सोर्सचा विक्रेता आला तर त्याला रेझिस्टर लोडवरचा आलेख मागू नका. तुमचा टॉर्च जोडायला लावा, हायड्रोजन सुरू करा आणि टॉर्चच्या टर्मिनलवर ऑसिलोस्कोप लावून व्होल्टेज बघा.