सायकलचं वजन आणि मनावरचं ओझं

सायकलच्या दुकानात हल्ली एक गंमत बघायला मिळते. गिऱ्हाईक सायकल चालवून बघण्याआधी उचलून बघतं. एका हाताने दांडी धरायची, जरा वर उचलायची, ‘बाई गं, केवढी जड!’ म्हणायचं आणि शेजारच्या सायकलीकडे वळायचं. बरोबर नवरा किंवा मुलगा असला तर तो लगेच माहिती पुरवतो, ‘ही पंधरा किलोची, ती बारा. पण तिची किंमत दुप्पट आहे हं!’ झालं. ‘माझ्या एकटीच्या हौसेसाठी कशाला एवढे पैसे?’ असं म्हणत सायकल पुढच्या दिवाळीवर ढकलली जाते. दिवाळ्या येतात आणि जातात. सायकल काही येत नाही.

म्हणून विचारावंसं वाटतं, या तीन किलोंचं नक्की काय महत्त्व आहे?

वजनाचं हे वेड आलं शर्यतींमधून. ‘टूर द फ्रान्स’सारख्या शर्यतीत आल्प्सचे घाट चढणाऱ्यांना एकेका सेकंदाचा हिशेब असतो. तिथे सायकली इतक्या हलक्या होत चालल्या की जागतिक सायकलिंग संघटनेला 2000 साली नियम करावा लागला, 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही. त्यांचं ठीक आहे. पण आपल्याला सकाळी सहाला निघून तळ्याला एक चक्कर मारायची आहे आणि साडेसातला पोळ्यांना उभं राहायचं आहे.

आपण साधा हिशेब मांडू. सायकल एकटी चालत नाही, तिच्यावर आपण बसलेल्या असतो. बाईचं वजन 60 किलो आणि सायकल 15 किलोची, म्हणजे पायांना ढकलायचे 75 किलो. त्यातले तीन कमी केले तर फरक पडला शेकडा चारचा. सपाट रस्त्यावर तोही जाणवत नाही, कारण तिथे आपली बरीचशी ताकद समोरची हवा कापण्यात जाते आणि हवेला सायकलच्या वजनाशी देणंघेणं नसतं. अर्ध्या तासाच्या फेरीत काही सेकंदांचा फरक, बस्स! सिग्नलला थांबून पुन्हा वेग घ्यायचा तर? तिथे या तीन किलोंपायी अर्धा सेकंदही जास्त लागत नाही.

वजन खरं बोलतं ते चढणीवर. सिंहगडासारख्या घाटात सहाशे मीटर उंची चढायची म्हटली, तर बेताच्या दमाच्या सायकलस्वाराला तासाहून जास्त वेळ लागेल. त्यात तीन किलोंनी वाचतील साधारण तीन मिनिटं. तेवढ्या वेळात वर पोचल्यावर पिठल्याची ऑर्डरसुद्धा देऊन होत नाही!

मग ‘माझी सायकल जड चालते’ ही तक्रार खोटी का? मुळीच नाही. पण ‘जड असणं’ आणि ‘जड चालणं’ या दोन वेगळ्या गोष्टी. बहुतेक वेळा टायरमध्ये हवा कमी असते. किती हवा भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, पण ते वाचतं कोण? साखळी कोरडी पडलेली असते. ब्रेक रिमला घासत असतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे सीट फार खाली असते. पडायची भीती वाटते म्हणून आपण दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतील एवढी सीट खाली घेतो. मग गुडघा पोटाशी येतो, पायात जोर राहत नाही आणि दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. तीच सायकल निम्म्या वजनाची वाटेल, आणि त्याला खर्च शून्य.

आपल्याकडे आणखी एक प्रकार घडतो. नवऱ्याची किंवा मुलाची जुनी सायकल आईच्या वाट्याला येते. ती तिच्या उंचीला मोठी असते, हँडल लांब पडतं, मान आणि पाठ दुखते. वर ऐकायला मिळतं, ‘तुला सवयच नाही.’ सवयीचं सोडा, माप तिचं नाही! ब्लाउज मापाचा शिवून घेणाऱ्या आपण, सायकल मात्र दुसऱ्याच्या मापाची का बरं चालवून घ्यायची?

वजनाचा मुद्दा अगदीच निकालात काढू नये, हेही सांगायला हवं. 50 किलोची बाई आणि 80 किलोचा पुरुष एकच सायकल घेऊन घाट चढले, तर तिच्या वाट्याला ओझ्याचा मोठा हिस्सा येतो. तसंच लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सायकल न्यायची असेल, तर प्रत्येक किलो खांद्याला कळतो. अशा वेळी हलकी सायकल घ्यावी, पण दुप्पट पैसे मोजण्याआधी एक बघावं. पुढच्या चाकाचे जाडजूड शॉकअॅब्सॉर्बर डांबरी रस्त्यावर फारसे कामाचे नसतात. ते नसलेली साधी सायकल बऱ्याचदा हलकीही असते आणि स्वस्तही. आणि चढावर चार पैसे जास्त घालायचेच, तर ते हलक्या गिअरवर घालावेत.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं, हा त्यांना उलट फायदाच वाटला. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी सरकारी पैसे मिळू लागले आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. या सगळ्या सायकली साध्या, लोखंडी, चांगल्या दणकट होत्या. पण त्यांनी पाण्याला, बाजाराला, शाळेला जाण्यासाठी कोणाच्या तरी सोबतीची वाट बघणं संपवलं. हे ओझं किती किलोचं होतं, ते कुठल्या काट्यावर मोजणार?

आपलंही थोडंफार तसंच आहे. सायकल जड आहे, महाग आहे, या वयात लोक काय म्हणतील, घरचं कोण बघेल, अशी कारणं एकावर एक रचत गेलं की पंधरा किलोची सायकल पन्नास किलोची होते. तेव्हा दुकानात गेलात की सायकल उचलून बघू नका. तिच्यावर बसा, सीट आपल्या मापाची करून घ्या आणि एक गल्ली फिरून या. आवडली तर घरी घेऊन या. दिवाळीची वाट कशाला बघायची?