रोहिणीतील भुंगेरे आणि गावाचे कर्तव्य

रोहिणी नक्षत्र लागून वळवाची एखादी चांगली सर पडली, म्हणजे आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याचे लक्ष साहजिकच बी-बियाणे, वखरणी व पीककर्ज यांकडे लागते. त्याच दिवशी दिवेलागणीनंतर धुऱ्यावरच्या निंबावर व पांदणीतील बाभळीवर जी घरघर सुरू होते, तिच्याकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. ही घरघर हुमणीच्या भुंगेऱ्यांची होय. पुढे श्रावण-भाद्रपदात सोयाबीन, ज्वारी, हळद, भुईमूग किंवा संत्र्याची लहान कलमे माना टाकू लागतात, रोप ओढताच मुळांवाचून हातात येते, आणि मग ‘हुमणी लागली’ असा बोभाटा होतो. आमचे म्हणणे असे, की हा बोभाटा तीन महिने उशिरा होतो. आणि ज्याने त्याने आपापल्या वावरापुरता करून भागेल असे हे काम नसून, रोहिणीच्या पहिल्या पावसात सबंध गावाने मिळून उरकावयाचे आहे.

आम्ही कीटकशास्त्राचे पंडित नव्हे. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनीत गेला व विद्याही मराठी शाळेत मिळाली तेवढीच. तथापि या किडीचे वर्षाचे टिपण इतके सरळ आहे, की ते उमगण्यास पांडित्य लागत नाही. हुमणीची वर्षातून एकच पिढी होते. भुंगेरा हिवाळ्यातच जमिनीत तयार होतो, पण बाहेर न पडता खोल मातीत निपचित पडून राहतो, आणि वळवाच्या पावसाने जमीन भिजली म्हणजे सूर्यास्तानंतर वर येतो. वर येताच निंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर हे भुंगेरे गोळा होतात. तेथेच नर-मादीचा संयोग होतो, रात्रभर पाला खाणे चालते, आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. पुढे मादी पाच-सहा बोटे खोल ओलसर मातीत एकेक करून पन्नास-साठ अंडी घालते. सुमारे दोन आठवड्यांत अळी निघते. ती प्रथम कुजका काडीकचरा खाते, मग तंतुमुळे, आणि पूर्ण वाढली म्हणजे जाड मुळेही सोडीत नाही. चंद्रकोरीसारखी वाकडी, पांढरट अंगाची व तांबूस डोक्याची ही अळी कोणत्या शेतकऱ्याने पाहिली नाही? विलायतेत बंगल्यापुढील हिरवळ चकत्याचकत्यांनी करपते, तीही बहुधा याच कुळातील अळीमुळे.

आता विचार असा करावा. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी बहुतेक काळ ही कीड जमिनीच्या पोटात असते, जेथे आपली दृष्टी पोहोचत नाही व औषधही धड पोहोचत नाही. फक्त पहिल्या पावसानंतरच्या काही रात्री ती उघड्यावर, मोजक्या झाडांवर, काठीच्या टप्प्यात येऊन बसते. शत्रू स्वतः होऊन असा चावडीवर हजर होत असता त्याला सोडून द्यावयाचे, आणि ऑगस्टात तो शेतभर पांगला म्हणजे त्याच्यामागे औषधाचे डबे घेऊन धावावयाचे, यात कोणते शहाणपण आहे?

कारकुनाला आकड्यांवाचून चैन पडत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. एका झाडावर सरासरी वीस भुंगेरे दिसू लागले, म्हणजे उपाय केलाच पाहिजे असे शेतकीतील जाणते लोक सांगतात. गावच्या शिवारात अशी पन्नासच झाडे धरू. एक हजार भुंगेरे झाले. निम्म्या माद्या धरल्या तर पाचशे. प्रत्येकीची पन्नास अंडी धरता पंचवीस हजार होतात. निम्मी पाखरांनी, मुंग्यांनी व उन्हाने नाहीशी केली असे समजू, तरी साडेबारा हजार अळ्या उरल्या. चौरस मीटरास एक अळी हे प्रमाणही पिकास पुरे घातक मानले आहे. म्हणजे सव्वा हेक्टर, आपल्या भाषेत तीन एकरांहून थोडे अधिक पीक, पन्नास झाडांवरील एका रात्रीच्या भुंगेऱ्यांनी संकटात घातले. झाडे दोनशे असली व वर येणे आठवडाभर चालले, तर काय होईल तो गुणाकार वाचकांनी आपल्या गावापुरता स्वतः करावा. उलट बाजूने पाहिले तर अंडी घालण्यापूर्वी मारलेली एक मादी म्हणजे पन्नास अंडी कमी. म्हणून पहिल्या चार-पाच संध्याकाळींचे मोल पुढील महिन्यापेक्षा अधिक आहे.

गावाला मिळून कीड हाकता येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने २०२० साल आठवावे. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यप्रदेशाकडून टोळधाड आपल्या अमरावती जिल्ह्यात उतरली, मोर्शी-वरुडाकडील संत्र्याच्या बागांवर व भाजीपाल्यावर बसली, आणि तेथून वर्धा व नागपूर जिल्ह्यांकडे सरकली. दिवस टाळेबंदीचे होते. तरीही लोक डबे-थाळ्या बडवीत शेतात गेले, धूर केला; टोळ रात्री झाडांवर सुस्त बसतात हे ध्यानात घेऊन पहाटेच्या अंधारात फवारणी झाली, बंबही आले. धुरा कोणाचा व झाड कोणाचे हे त्या रात्री कोणी विचारले नाही. टोळधाड ही वर्षानुवर्षांतून एखादे वेळी येणारी पाहुणी. तिच्यासाठी एवढी धावपळ झाली ती योग्यच होती. पण भुंगेरा तर दर रोहिणीस न चुकता येतो. तो आकाश काळे करीत नाही व त्याची बातमी होत नाही, एवढ्यामुळेच त्याला मोकळीक मिळते काय?

या मोकळिकीचा शेवट कोठे होतो, तो आम्ही नोकरीत वर्षानुवर्षे पाहिला आहे. शेवट होतो पंचनाम्यात. कीडहल्ला हा सरकारी मदतीच्या नियमांत नैसर्गिक आपत्ती म्हणून धरला आहे. २०१५ पूर्वी पन्नास टक्के नुकसान झाल्यावाचून मदत मिळत नसे, ती अट त्या साली तेहतीस टक्क्यांवर आली. हे चांगलेच झाले. परंतु हुमणीची खोड अशी, की ती बांधापासून बांधापर्यंत सारखी लागत नाही. येथे दहा ओळी वाळल्या, तेथे खळ्याएवढा चकता गेला, आणि मधले पीक हिरवेगार, असा देखावा असतो. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक शेतात उभे राहिले व सर्व गटाची सरासरी काढू लागले, की आकडा पंचवीस-अठ्ठावीसावर येऊन अडतो. शेतकरी म्हणतो, कागद खोटा आहे; कागद नियमाप्रमाणे असतो. रोप मरून गेल्यावर अळीही खोल गेलेली असते, म्हणून पुष्कळदा मर रोग की हुमणी याबद्दलच वाद पडतो. आमच्या नजरेखालून असे जे कागद गेले, त्यांनी एकही भुंगेरा मेला नाही.

कागदाने कीड हटविण्याचा प्रयत्न पूर्वी युरोपात झाल्याची एक गंमतीची कथा सांगतात. १३२० साली फ्रान्सातील आव्हिन्याँ शहरी तेथील भुंगेऱ्यांवर रीतसर खटला चालून, त्यांनी तीन दिवसांत नेमून दिलेल्या जमिनीवर निघून जावे असा हुकूम झाला म्हणे. भुंगेऱ्यांनी हुकूम मानला नाही. तेव्हा अखेर लोकांनी ते हातांनी गोळा करून मारले. सातशे वर्षांनंतरही त्या कथेतील शेवटचेच कलम आपल्या उपयोगाचे आहे.

आता हे काम एकट्याने का होत नाही, ते पाहू. एखाद्या मेहनती शेतकऱ्याने आपल्या धुऱ्यावरील चार निंब झाडून काढले, तरी शेजारच्या नाल्यातील बाभळीवरचे भुंगेरे त्याच्याच भिजल्या वावरात येऊन अंडी घालतात. त्यातून भुंगेऱ्यांची आवडती झाडे बहुधा कोणाच्याच मालकीची नसतात. ती ई-क्लासच्या जमिनीत असतात, पांदण रस्त्याच्या कडेस असतात, देवळापुढे, शाळेच्या आवारात, स्मशानाच्या वाटेवर असतात. सातबाऱ्यावर ज्यांचा धनी नाही, अशा झाडांवर गावच्या पिकाचे वैरी वाढतात. ती झाडे गावाचीच समजून गावाने हाताळली पाहिजेत. ‘झाडेच तोडून टाका, म्हणजे भुंगेरे येणार नाहीत’ असा सल्ला देणारेही आम्हांस भेटले आहेत. उन्हाळ्यात या मुलखात सावली किती महाग आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यानेच असे बोलावे. निंब तोडला तर भुंगेरा बोरीवर जाईल, बोर तोडली तर आणखी कोठे.

काम कठीण नाही. बांबूच्या काठीस आकडा लावून फांद्या गदागदा हलवाव्या. झाडाखाली ताडपत्री किंवा जुने धोतर पसरले असता पडलेले भुंगेरे वेचणे सोपे जाते. घमेल्यात पाणी घेऊन त्यात थोडे रॉकेल किंवा डिझेल टाकावे व भुंगेरे त्यात बुडवावे. वेळ साडेसात ते नऊ ठेवावी. अंधार पडू लागताच गेले तर भुंगेरे उडत असतात, जरा स्थिरावल्यावर ते पटापट खाली पडतात. जेथे वीज आहे तेथे टोपल्याएवढ्या पाण्याच्या भांड्यावर एक दिवा टांगावा. मात्र नऊच्या पुढे तो विझवावा, कारण रात्र वाढू लागली की आपल्या उपयोगाचे कीटकही त्यात येऊन मरतात. याच्या आधी चैत्र-वैशाखात खोल नांगरट करून ठेवली असेल तर मातीतले भुंगेरे उन्हाने मरतात व बगळे, कावळे, साळुंक्या नांगरामागून उरलेले टिपतात. अर्धवट कुजलेले शेणखत वावरात टाकू नये. अळीला ते आयते अन्न होते. खतात मेटारायझियम ही बुरशी मिसळून टाकण्याचा उपाय कृषी विद्यापीठे सांगतात, तो पावसाळ्यात ओल असताना करण्यासारखा आहे.

कित्येक जण म्हणतील, काठ्या-घमेली कशाला, पंपाने झाडावरच औषध मारू. यास आमचा स्पष्ट विरोध आहे. उंच निंबावर खालून वर फवारा मारला, तर त्याचे तुषार मारणाऱ्याच्याच डोळ्यांत व नाकात येतात. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. तेथे पीक पुरुषभर उंच झाले होते, एवढ्यानेही घात झाला. मग डोक्यावरच्या झाडाची गोष्ट काय? शिवाय बाभळीचा व निंबाचा पाला शेळ्या खातात, आणि शेळी ज्याची असते तो बहुधा ज्याच्या धुऱ्यावर झाड आहे तो नसतो.

हाताने वेचण्याचा हा उपाय बागेतील इतर किडींनाही याच दिवसांत लागू पडतो, ते थोडक्यात सांगतो. काकडी, दोडकी, भोपळा यांच्या कोवळ्या वेलांवर तांबडे भुंगेरे पडतात. ते सकाळी गारव्यात सुस्त असताना वेचावे. फळमाशीने टोचलेली फळे मांडवाखाली तशीच पडू दिली तर तिच्या अळ्या तेथल्याच मातीत कोश करतात. म्हणून ती रोज उचलून हातभर खोल पुरावी. संत्र्याच्या खोडावर भुशाची व विष्ठेची जाळी दिसली तर साल खाणारी अळी आत आहे असे समजावे. ती दिवसा छिद्रात दडते. जाळी खरवडून, छिद्रात तार घालून, पेट्रोलात भिजविलेला बोळा कोंबावा व वरून चिखलाने लिंपावे. पावसाळ्यापूर्वी खोडास तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावण्याचे काम बागाईतदार करतातच, त्याच फेरीत हेही होऊन जाते.

‘ऐन हंगामात मजूर कोठून आणावे?’ हा आक्षेप उरतो. हे काम संध्याकाळचे आहे, दिवसाच्या मजुरीस त्याने धक्का लागत नाही. आणि घरटी एक माणूस चार-पाच संध्याकाळी दीड तास आला तर मजूर लागतच नाही. ज्यास येणे शक्य नाही त्याने आपल्या वाट्याची मजुरी द्यावी. मात्र ही वाटणी पाऊस पडल्यावर करावयास बसू नये. १ मे रोजी ग्रामसभा भरते. त्या दिवशी शिवारातील निंब, बाभूळ व बोर यांची यादी करून कोणती झाडे कोणत्या घरांकडे, हे वहीत लिहून काढावे व ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी. पहिली सर पडली की त्याच संध्याकाळी दवंडीने किंवा भोंग्यावरून कळवावे. दररोज किती पायल्या भुंगेरे जमले तो आकडा झाडांच्या नावापुढे मांडावा, आणि दुसऱ्या वर्षी त्याच झाडांवर किती जमतात ते ताडून पाहावे.