फाटकाबाहेरचं कुणी बघायचं?

नातू सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणाला. मंगळवारीही तेच. रविवारी मात्र पठ्ठ्या दोन वाट्या शिकरण खाऊन अंगणात हुंदडत होता. ३४ वर्षं शाळेत काढलेल्या बाईला यातली मेख कळायला आठवडा लागला!

नातू तिसरीत. स्कूलबसमध्ये सातवीतली तीन मुलं त्याला मागच्या सीटवर ओढून नेतात, बाटलीतलं पाणी ओतून देतात. त्याला 'र' नीट म्हणता येत नाही, त्यावरून नावही पाडलंय. खोदून विचारलं तेव्हा गप्प. एका संध्याकाळी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा आपणहून बोलला.

आता सल्ले ऐका. त्याचा मामा म्हणतो, "तूही ठेवून दे एक." (तिसरीतल्या पोराने, सातवीतल्या तिघांना!) शेजारच्या वहिनी म्हणतात, "लक्षच द्यायचं नाही, आपोआप थांबतं." मंडळी, नाही थांबत. सोसणारा गप्प बसला की त्रास देणाऱ्याची सोयच होते.

आणि शाळा? "बस कंत्राटदाराची आहे." कंत्राटदार? "मुलं शाळेची आहेत." बसमधल्या मावशींना विचारलं तर बिचाऱ्या म्हणाल्या, "मी बोलले तर मोठी पोरं मलाच चिडवतात."

अहो, महाराष्ट्रात स्कूलबसचे नियम २०११ सालीच आले. शाळेत परिवहन समिती हवी, तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक. मग बस परक्याची कशी?

खोटं कशाला बोलू? नोकरीत असताना एका मुलाचे वडील असंच गाऱ्हाणं घेऊन आले होते. "फाटकाबाहेरचं आम्ही कसं बघणार?" असं मीच त्यांना म्हटलं होतं. तो गृहस्थ काही न बोलता चप्पल घालून निघून गेला. त्या मुलाचं पुढे काय झालं, मी कधी विचारलंही नाही.

म्हणून या वेळी सूनबाईला तोंडी बोलू दिलं नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या थांब्यानंतर काय झालं, सगळं अर्जात लिहिलं. मागणी एवढीच : लहान मुलं पुढे, मावशींजवळ बसवा, मावशींचं ऐकलं जाईल असं मुख्याध्यापकांनी स्वतः बसमध्ये येऊन सांगा, तिघांच्या पालकांना बोलवा. त्यांना बसमधून काढा, असं नाही लिहिलं. तीही कुणाची तरी नातवंडंच.

अर्जाची पोच घेतली आहे. नातू आता दुसऱ्या सीटवर बसतो. पोट अजून दुखतं, पण रोज नाही. पालकांची बैठक शनिवारी आहे, मी जाणार आहे.