राजवाडा की देवघर?

‘वूडू’ म्हटले की आपल्यापुढे टाचण्या टोचलेली बाहुली उभी राहते. ही कृपा इंग्रजी चित्रपटांची! पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात वोदून हा लक्षावधी लोकांचा धर्म आहे आणि जानेवारीत त्याचा राष्ट्रीय सण असतो. या धर्मात पूर्वज गेलेले नसतात. ते घरातच असतात. आबोमे येथील राजवाड्यांकडे पाहायचे ते हे ध्यानात ठेवून.

१६२५ ते १९०० या काळात दाहोमे राज्याचे बारा राजे होऊन गेले. नव्या राजाने जुन्याच्या वाड्यात राहायचे नाही, शेजारी आपला वाडा बांधायचा. अशी ही मातीची नगरी सुमारे ४७ हेक्टरांवर पसरली. भिंतींवर सिंह, शार्क ही राजचिन्हे उठावात कोरलेली. पण खरे महत्त्व आतल्या गोल, गवताने शाकारलेल्या खोपीला. तिचे छप्पर इतके खाली की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. तिथे राजाचा आत्मा वसतो. राजघराण्याचे वंशज आजही तिथे नैवेद्य घेऊन जातात. समाधीपुढे वाकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

१८९२ साली फ्रेंच फौजा चालून आल्या, तेव्हा बेहान्झिन राजाने स्वतःच वाड्यांना आग लावली. फ्रेंचांनी सिंहासने, मूर्ती उचलून नेल्या. त्यांतील २६ वस्तू २०२१ साली परत आल्या आणि पुढच्या वर्षी कोतोनूत, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात, काचेआड मांडल्या गेल्या. लोकांनी गर्दी केली, हे खरे. तरीही मला ते अपुरे वाटते. शार्कमुखी बेहान्झिनची मूर्ती शोभेसाठी नव्हे, राज्याच्या रक्षणासाठी घडवली होती. तिचे घर आबोमे. १९८५ पासून हे वाडे जागतिक वारसा आहेत, त्यांत संग्रहालयही आहे. पण तिकीट काढून येणाऱ्याआधी नैवेद्य घेऊन येणाऱ्याचा मान असावा. विधीच्या दिवशी संग्रहालय खुशाल बंद ठेवावे.

मात्र पावित्र्याच्या नावाखाली काही झाकले जाऊ नये. याच राजांनी युद्धकैदी युरोपियन व्यापाऱ्यांना गुलाम म्हणून विकले. वार्षिक पितृविधींत माणसांचे बळी दिले. भिंतीवरचा सिंह दाखवणाऱ्या वाटाड्याने तेही, त्याच अंगणात उभे राहून, सांगितले पाहिजे.