गोळी सुरू होते, पण सुटते कुठे?

रुग्ण बरा वाटू लागला म्हणून गोळी बंद झाली आणि गोळी बंद झाली म्हणून रुग्ण पुन्हा आजारी पडला. मनोविकारांवरील उपचारांच्या क्षेत्रात हे चक्र नवे नाही. कानात आवाज ऐकू येणे, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी खात्री वाटणे, रात्र-रात्र झोप न लागणे, अशा अवस्थेतील माणसाला घरचे लोक मोठ्या प्रयासाने डॉक्टरांकडे नेतात. औषध सुरू होते, काही आठवड्यांत आवाज मंदावतात, झोप लागते, माणूस पुन्हा शेतात वा दुकानात जाऊ लागतो. नेमक्या याच टप्प्यावर घरात चर्चा सुरू होते : आता किती दिवस हे 'डोक्याचे औषध' घ्यायचे? पुढचा निर्णय बहुतेक वेळा डॉक्टरांना न विचारताच होतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव बदलले, भूगोल मात्र तोच राहिला. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्किझोफ्रेनिया व तत्सम तीव्र मनोविकारांनी त्या वेळी ग्रस्त असलेल्या प्रौढांचे प्रमाण ०.४ टक्के होते. हे प्रमाण या जिल्ह्याला लावले तर ढोबळमानाने दहा हजारांहून अधिक माणसे होतात. याच सर्वेक्षणात अशा रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. उरलेल्या चतुर्थांशाच्या हाती गोळी पोहोचते. ती सुरक्षितपणे चालू राहते की नाही, हा त्यानंतरचा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

गोळी नेमके काय करते?

वैद्यकशास्त्रात या औषधांना 'अँटिसायकॉटिक' म्हणतात. मेंदूतील पेशी एकमेकींशी ज्या रसायनांच्या साह्याने बोलतात, त्यांपैकी 'डोपामिन' हे एक. तीव्र मनोविकारात मेंदूच्या काही भागांत या रसायनाचा संदेश प्रमाणाबाहेर वाढतो, असे मानले जाते. आजची बहुतेक औषधे डोपामिनचा हा संदेश स्वीकारणारी केंद्रे अंशतः रोखून धरतात. त्यामुळे भास आणि संशय यांची धार कमी होते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ही झोपेची गोळी नव्हे. सुरुवातीला येणारी गुंगी हा औषधाचा जोडपरिणाम असतो, त्याचे मूळ काम नव्हे. झोप लागली म्हणजे काम झाले, किंवा आज झोप चांगली लागली म्हणून आज गोळी नको, हे दोन्ही समज चुकीचे ठरतात. दुसरी, ही औषधे आजार दाबून ठेवतात, तो मुळापासून उपटून काढत नाहीत. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाला जे समजते, तेच येथेही समजून घ्यावे लागते. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ६५ चाचण्यांमधील सुमारे साडेसहा हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांना वर्षभरात आजार उलटला. औषध बंद करून परिणामशून्य गोळी दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६४ टक्के होते.

म्हणूनच आजाराच्या पहिल्या झटक्यानंतरही साधारणतः किमान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे आणि झटके वारंवार आलेल्यांनी ते त्याहून दीर्घकाळ घ्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. औषध कमी करता येतच नाही, असा याचा अर्थ नाही. ते कमी करायचे तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि टप्प्याटप्प्याने करावे लागते.

सर्पगंधा ते क्लोझापिन

या औषधांच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेच्या मुळीचा उन्माद आणि रक्तदाबावरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या परिणामांचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. या मुळीतून वेगळे काढलेले 'रिसर्पिन' पुढे काही काळ मनोरुग्णांसाठी वापरले गेले. मात्र १९५२ मध्ये पॅरिसमध्ये ज्याचा उपयोग सिद्ध झाला, त्या 'क्लोरप्रोमाझिन'ने ते मागे पडले. त्यानंतर हॅलोपेरिडॉल आले आणि १९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही नवी पिढी आली.

सर्वांत बोलका इतिहास आहे तो 'क्लोझापिन'चा. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. अनेक देशांनी हे औषध मागे घेतले. परंतु इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर तेच गुणकारी ठरते, हे १९८८ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखवून दिले आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. औषध तेच होते, बदलली ती देखरेख. अनुभव वाढल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रक्ततपासणीच्या नोंदीची सक्तीची योजना रद्द केली, मात्र तपासणीची शिफारस कायम ठेवली. एखादे औषध सुरक्षित आहे की नाही, याचे निम्मे उत्तर त्याच्या रसायनात असते आणि निम्मे ते वापरणाऱ्या व्यवस्थेत, हा धडा या प्रकरणाने दिला. तो सर्वच अँटिसायकॉटिक औषधांना लागू आहे.

दुष्परिणाम ओळखायचे कसे?

गोळी सुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे कोणी समजावून न सांगितलेले दुष्परिणाम. उपचारांच्या पहिल्या काही दिवसांत, विशेषतः जुन्या पिढीच्या औषधांनी किंवा इंजेक्शननंतर, मान एका बाजूला वळून आखडणे, जीभ जड होणे, डोळे वर खेचले जाणे असे प्रकार घडू शकतात. घरच्यांना हे दृश्य भयंकर वाटते. 'बाहेरची बाधा' समजून रुग्णाला मांत्रिकाकडे नेण्याचा मोह अशाच वेळी होतो. प्रत्यक्षात हा औषधाचा ज्ञात परिणाम असून रुग्णालयात दिलेल्या इंजेक्शनने तो बहुधा तासाभरात ओसरतो.

हात थरथरणे, चालणे मंदावणे, एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थ चुळबुळ होणे, हीदेखील औषधाचीच लक्षणे असू शकतात. ही चुळबुळ आजार वाढल्याचे लक्षण समजून घरच्यांनी स्वतःच आणखी एक गोळी दिली, तर त्रास वाढतो. अनेक वर्षांच्या वापरानंतर ओठ, जीभ वा जबड्याच्या आपोआप हालचाली सुरू झाल्यास ती बाब त्वरित डॉक्टरांच्या निदर्शनास आणावी लागते. नव्या पिढीच्या काही औषधांनी, विशेषतः ओलान्झापिन व क्लोझापिनने, वजन व रक्तातील साखर वाढते. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने स्त्रियांची पाळी अनियमित होऊ शकते. संकोचापोटी ही तक्रार सांगितली जात नाही आणि गोळी मात्र गुपचूप बंद होते.

एक दुष्परिणाम विरळा, पण जिवावर बेतणारा आहे. खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, घाम आणि गोंधळलेली शुद्ध ही लक्षणे एकत्र दिसल्यास पुढची गोळी न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. क्लोझापिन घेणाऱ्यास ताप वा घशाचा संसर्ग झाल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी आवश्यक असते. त्याच औषधाने होणारे तीव्र बद्धकोष्ठही दुर्लक्षित करण्यासारखे नसते.

यासाठी लागणारी देखरेख महागडी नाही. औषध सुरू करताना वजन, रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी यांची नोंद करणे, तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासणे आणि त्यानंतर किमान वर्षातून एकदा तपासत राहणे, एवढे बहुतेकांना पुरते. क्लोझापिनसाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पेशींची मोजणी करण्याची पद्धत आहे. ही तपासणी तालुक्याच्या गावी होऊ शकते. अडचण असते ती सातत्याची.

हंगाम, ऊन आणि विडी

हे सातत्य या जिल्ह्यात कुठे तुटते, हे पाहण्यासारखे आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच परततात. महिन्याभराची गोळ्यांची पिशवी सोबत नेणारा रुग्ण पुढचे महिने काय करतो, हा प्रश्न कोणत्याही औषधपत्रात लिहिलेला नसतो. स्थलांतरापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे, औषधपत्राची प्रत जवळ ठेवणे आणि शक्य असेल तेथे दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनचा पर्याय विचारणे, हे उपाय साधे असले तरी ते आधी ठरवावे लागतात. क्लोझापिनमध्ये दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास पूर्वीचीच मात्रा एकदम सुरू करणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा लहान मात्रेपासून वाढवावी लागते. कोणत्याही औषधाची चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत.

एप्रिल-मेच्या उन्हाचेही तसेच आहे. या औषधांमुळे शरीराची उष्णता नियंत्रित ठेवण्याची क्षमता कमी होऊ शकते. त्यामुळे दुपारच्या उन्हात राबणाऱ्या रुग्णाला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. पाणी, सावली आणि कामाची वेळ बदलणे हा येथे उपचारांचाच भाग ठरतो.

विडीचा मुद्दा तर क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. विडी वा सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे यकृत क्लोझापिन व ओलान्झापिनचा निचरा अधिक वेगाने करते. रुग्णाने विडी एकाएकी सोडली, किंवा रुग्णालयात ती बंद झाली, तर तीच मात्रा त्याला जड पडू शकते. विडी सोडणे हिताचेच आहे. फक्त ती सोडताना डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. दारू मात्र या औषधांबरोबर टाळावीच, कारण दोन्हींची गुंगी एकमेकींत मिसळते.

घराघरांतून घडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रुग्णाला न कळत भाजीत वा चहात औषध मिसळणे. त्यामागे बहुधा प्रेम आणि अगतिकता असते. पण मात्रा चुकते, दुष्परिणाम कशाने झाला हे रुग्णाला सांगता येत नाही आणि एक दिवस ते उघड झाले की घरच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. 'जेवणात काहीतरी घालतात' हा त्याचा संशय मग खराच ठरलेला असतो.

वृद्धांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी ही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. एकाची गोळी दुसऱ्याला देण्याची सवय येथे विशेष घातक ठरते.

कायदा काय देतो?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार, आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे मनोरुग्णांना शासकीय आरोग्य संस्थांमध्ये, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या स्तरापर्यंत, सर्वकाळ विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्लोझापिन ही राष्ट्रीय यादीतील औषधे आहेत. महाराष्ट्रात हा स्तर म्हणजे सर्वसाधारणपणे ग्रामीण रुग्णालय. म्हणजे अकोल्याच्या रुग्णाने गोळ्यांसाठी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, किंवा थेट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाची वाट धरावी, हे कायद्याला अभिप्रेत नाही. त्याच कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यासही मनाई केली आहे. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्लाही मिळतो.

उपचार तुटल्यावर काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. नगर तालुक्यातील शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची 'माउली' ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ करते. रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा माणसांपैकी अनेकांना घर असते, गाव असते आणि योग्य औषधोपचारांनंतर त्यांना ते आठवतेही, हे त्यांच्या कामातून पुढे आले. पण घरी पोहोचलेल्या माणसाला गावात पुढच्या महिन्याची गोळी मिळाली नाही, तर परतीचा रस्ता पुन्हा त्याच फुटपाथकडे जातो.

त्यामुळे प्रश्न केवळ नव्या औषधांचा नाही. नवी औषधे येतच राहतील. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर या महिन्याची गोळी आहे का, रुग्णाचे वजन आणि साखर कोणी लिहून ठेवते आहे का, ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णाच्या घरी कोणी विचारणा करते का, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक तालुक्याने द्यायला हवीत. कुटुंबाने लक्षात ठेवायची गोष्ट त्याहून सोपी आहे. गोळीचा त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगावा आणि गोळी नकोशी झाली असेल तर तेही त्यांनाच सांगावे. ती बंद करण्याचा निर्णय स्वयंपाकघरात होऊ नये, एवढेच.