रस्ता महापालिकेचा, दंड सरकारचा

पुण्याच्या मध्यवस्तीत तुमची दुचाकी टोइंगच्या टेम्पोत चढते, तेव्हा त्या एका उचलाउचलीत किती जणांचा हात असतो ते पाहा. रस्ता महापालिकेचा. ‘पी-वन, पी-टू’ची पाटी महापालिकेच्या पैशांतून उभी राहिलेली. सम तारखेला कुठल्या बाजूला आणि विषम तारखेला कुठल्या, हा हुकूम मात्र वाहतूक शाखेच्या उपायुक्तांचा. गाडी उचलणारी पोरे ठेकेदाराची, शेजारी उभा असलेला हवालदार पोलीस खात्याचा. दंड राज्य सरकारच्या तिजोरीत जमा होतो, टोइंगचा आकार ठेकेदाराच्या खात्यावर. या सगळ्या वरातीत त्या रस्त्याच्या लोकांनी निवडून दिलेला माणूस कुठेही नाही. त्याला फोन केला, तर तो फार फार तर वाहतूक चौकीला फोन करतो.

पार्किंगवर लिहायला बसले की दोन लेख आयते तयार असतात. पोलीस कसे वसुली करतात हा एक आणि पुणेकर कसे बेशिस्त आहेत हा दुसरा. दोन्ही वाचून आपण कंटाळलो आहोत. माझे म्हणणे वेगळे आहे: गावाच्या रस्त्यावर गाडी कुठे, किती वेळ आणि किती पैशांत उभी राहील, हा गावाचा कारभार आहे आणि तो गावाकडेच असायला हवा. दंडासकट. तूर्तास या शहरात पार्किंगची खऱ्या अर्थाने स्थानिक यंत्रणा एकच आहे, ती म्हणजे ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी. तिथे नियम करणारा, अंमल करणारा आणि शिक्षा देणारा एकच असतो. अपिलाची सोय नाही, एवढाच काय तो दोष.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा 1988 सालचा. गाड्या कुठे थांबाव्यात हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या कलम 117 प्रमाणे राज्य सरकारचा, किंवा सरकार ज्याला नेमेल त्याचा. स्थानिक संस्थेशी ‘विचारविनिमय’ करायचा, एवढेच तिचे स्थान. मनाईच्या जागी उभी असलेली किंवा दहा तासांहून जास्त बेवारस पडलेली गाडी हलवायची किंवा तिला जामर लावायचा, तर कलम 127 प्रमाणे गणवेशातला पोलीस लागतो. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढच्या वेळी 1,500 रुपये झाला. तो भरायची घाई कोणी करत नाही. ई-चलानाचा मेसेज येतो, आपण तो पाहतो आणि लोकअदालतीची वाट पाहत बसतो, कारण तिथे तडजोडीत रक्कम कमी होते हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वेळेवर भरणाऱ्याला पूर्ण दंड आणि थकवणाऱ्याला सवलत, अशी ही आपली व्यवस्था.

ठेकेदाराचे गणितही सरळ आहे. गाडीमागे पैसे मिळत असतील, तर तो जास्त गाड्या उचलणार, आणि उचलायला सोप्या त्या आधी उचलणार. चौकात आडवी लावलेली भलीमोठी मोटार हलवणे कटकटीचे. ओळीत नीट लावलेली, चाक पट्ट्याच्या चार बोटे बाहेर असलेली दुचाकी सोयीची. 2021 च्या ऑगस्टमध्ये नाना पेठेत तर दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट उचलली गेली. चित्रफीत सगळीकडे फिरली, लोक हसले, चौकशीची भाषा झाली. पण जिथे गाडीच्या संख्येवर कमाई ठरते, तिथे माणूस आड येणारच. त्या पोरांना दोष देऊन काय होणार?

लंडनमध्येही एके काळी हे काम पोलिसांच्याच हाताखाली होते. 1958 मध्ये वेस्टमिन्स्टरमध्ये पहिले पार्किंग मीटर बसले, 1960 पासून ट्रॅफिक वॉर्डन रस्त्यावर आले. पण पोलिसांना चोर पकडायचे की चुकीची लावलेली मोटार शोधायची, हा पेच सुटेना. अखेर 1991 च्या कायद्याने चुकीचे पार्किंग हा गुन्हाच उरला नाही. ते एक देणे झाले, आणि ते वसूल करायचे काम स्थानिक कौन्सिलकडे आले. 1994 च्या मध्यापर्यंत लंडनच्या सगळ्या बरोंनी, म्हणजे तिथल्या स्थानिक कौन्सिलांनी, ते हाती घेतले होते.

कौन्सिलला अधिकार मिळाले, तसे तिच्या पायात दोरही बांधले गेले. दंडाची नोटीस मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे भरले तर रक्कम निम्मी. म्हणजे सवलत आहे, पण लवकर भरणाऱ्याला. नोटीस पटली नाही तर आधी कौन्सिलकडे हरकत घ्यायची आणि तिथे दाद लागली नाही तर कौन्सिलबाहेरच्या स्वतंत्र लवादाकडे जायचे. नोटिसांचे किंवा कमाईचे लक्ष्य ठरवून देऊ नये, असे सरकारी मार्गदर्शनच आहे. 2015 मध्ये तर पैसे भरून लावलेल्या गाडीला वेळ संपल्यावर दहा मिनिटांची सूट द्यायची, असा नियम आला. सगळ्यांत घट्ट दोर पैशांचा: 1984 च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याप्रमाणे पार्किंगचा जमाखर्च वेगळा ठेवावा लागतो आणि शिल्लक कशावर खर्च करायची तेही कायद्यानेच आखून दिले आहे.

हा दोर किती घट्ट आहे, ते उत्तर लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलला चांगलेच कळले. 2011 मध्ये या कौन्सिलने रहिवाशांच्या पार्किंग परवान्याची फी वर्षाला 40 पौंडांवरून 100 पौंडांवर नेली. पाहुण्याच्या गाडीसाठी फाडायचे कूपन एका पौंडावरून चार पौंडांवर गेले. (तिकडे मुलाकडे राहून आलेल्या आपल्या मंडळींना ही कूपने माहीत असतील, जेवायला येणाऱ्याचे स्वागत तिथे कूपन हातात देऊन करतात.) जादा मिळणाऱ्या पैशांतून कौन्सिलला रस्त्यांची दुरुस्ती करायची होती, प्रवासाच्या सवलतींचा खर्च भागवायचा होता. म्हणजे उधळपट्टीचा आरोप करायलाही जागा नव्हती. तरी रहिवासी एकत्र आले, वर्गणी जमवली आणि त्यांच्यापैकी एक जण उच्च न्यायालयात गेला. जुलै 2013 मध्ये न्यायमूर्ती लँग यांनी निकाल दिला: हा कायदा कर गोळा करण्यासाठी नाही; दुसऱ्या कामांसाठी पैसा उभा करायचा म्हणून पार्किंगचे शुल्क वाढवता येणार नाही.

तिकडे सगळे खुशीत आहेत असे नाही. कौन्सिल म्हणजे दुभती गाय शोधणारे लोक, अशी ओरड तिथेही सतत असते, आणि पट्टेदार सदऱ्यातल्या पार्किंगवाल्याला तिथेही शिव्याच मिळतात. फरक एवढाच की शिव्या कोणाला घालायच्या, हे तिथे माहीत असते. पुढच्या निवडणुकीत त्याला पाडताही येते.

आपण हा विषय हाती घेतलाच नाही, असेही नाही. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात पार्किंगचे शुल्क जागेच्या खऱ्या किमतीला धरून असावे, असे म्हटले होते. एका मोटारीला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. लक्ष्मी रस्त्यावर तेवढ्या गाळ्याचे भाडे किती ते एखाद्या दुकानदाराला विचारा, आणि मग त्याच्या दारात दिवसभर फुकट उभी असलेली त्याचीच मोटार पाहा. पुण्यात 2018 च्या मार्चमध्ये मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केले. शहरातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येपुढे गेल्याच्या बातम्या त्याच सुमारास छापून येत होत्या. सभागृहात गदारोळ झाला, रस्त्यावर आंदोलने झाली, आणि अख्ख्या शहराचे धोरण पाच रस्त्यांच्या प्रयोगावर आले. पुढे तो प्रयोगही कागदावरच राहिला. मार्च 2022 नंतर तर जवळपास चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचे राज्य होते.

मुंबईने 2019 च्या जुलैमध्ये उलटे टोक गाठले. सार्वजनिक वाहनतळाच्या पाचशे मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली, तर महापालिकाच पाच ते तेवीस हजारांपर्यंत दंड करणार, असे ठरले. हेतू वाईट नव्हता. जादा चटईक्षेत्राच्या बदल्यात बिल्डरांकडून मिळालेले वाहनतळ ओस पडलेले आणि खालचे रस्ते तुंबलेले, हे कोण किती दिवस पाहणार? पण दंडाच्या आकड्यानेच लोक इतके बिथरले की पार्किंगची चर्चा बाजूला पडली.

पुण्यात आता निवडून आलेले सभागृह पुन्हा बसले आहे. ‘पे अँड पार्क’चा विषय त्याच्यापुढे येईल, तेव्हा पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे विरोध होईल, आणि ठेका कोणाला यावरच भांडण रंगले तर तो विरोध रास्तही असेल. माझा शुल्काला विरोध नाही. मी दुचाकी चालवतो आणि तासाला काही रुपये द्यायला तयार आहे. पण त्याआधी राज्य सरकारने नो पार्किंगच्या दंडाचा अधिकार आणि पैसा महापालिकेकडे द्यावा, आणि महापालिकेने पार्किंगचे स्वतंत्र खाते उघडून त्यातला पैसा पदपथ आणि पीएमपीच्या बसवरच खर्च करावा. ठेकेदाराला गाडीमागे पैसे देणे बंद करावे. हरकत ऐकायला पोलिसांच्या आणि महापालिकेच्या बाहेरचा माणूस नेमावा.

तुमच्या प्रभागाचा नगरसेवक भेटला, तर त्याला आपल्या गल्लीतल्या पाटीची जागा बदलून मागू नका. आपल्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती दंड वसूल झाला आणि त्यातला किती या रस्त्याकडे परत आला, ते लेखी मागा.