शेपटीला काम द्या

विकांताला लोक सिंहगडावर जातात, मी शब्दकोशात जातो. फुकटचा छंद आहे, आणि झुणका-भाकरीचा खर्चही वाचतो. तर या वेळी हाताला लागले दोन इंग्रजी शब्द. दोन्ही जनावराच्या अंगावरचे, एक पुढच्या टोकाला आणि दुसरा मागच्या. हॉर्न आणि टेल. म्हणजे आपलं शिंग आणि शेपूट.

म्हटलं तर अगदी गोठ्यातले शब्द. पण इंग्रजीत या दोघांनी जे काही उद्योग करून ठेवलेत ते बघून मी थक्क झालो. आणि मग आपल्या शिंग-शेपटीकडे वळून बघितलं, तेव्हा जरा वाईट वाटलं. का, ते सांगतो. पण आधी थोडी भटकंती करू.

पहिल्यांदा हॉर्न. हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्या शृंगाचा लांबचा भाऊच आहे. मूळ एकच, फक्त संस्कृतात त्या मूळच्या 'क'चा 'श' झाला आणि इंग्रजीच्या घराण्यात 'ह' झाला. पटत नसेल तर शत आणि हंड्रेड बघा, श्वान आणि हाउंड बघा, आणि मग शृंग आणि हॉर्न. लॅटिनने मात्र तो 'क' जपून ठेवला, तिथे शिंग म्हणजे कॉर्नू. त्यातून युनिकॉर्न आला (एकशिंगी), कॅप्रिकॉर्न आला (शिंगवाला बोकड, म्हणजे आपली मकर रास), डोळ्याचा कॉर्निया आला, आणि ज्या कॉर्नरवर आपण चहा पितो तोही आला. ग्रीकांकडे शिंग म्हणजे केरास. त्यावरून केरॅटिन, ज्याचे आपले केस आणि नखं बनतात. आणि सोन्याचा कॅरट? तोही मुळात ग्रीकमधलं 'छोटं शिंग'. एका झाडाच्या शेंगा शिंगासारख्या दिसत, त्यांच्या बिया वजन करायला वापरत, आणि अरबीमार्गे तो शब्द सराफाच्या तराजूत येऊन बसला. लग्नसराईत बावीस कॅरटची चौकशी करणाऱ्या काकूंना हे सांगून बघा.

हॉर्नचा मुख्य प्रवास मात्र सरळ आहे. पोकळ शिंग फुंकलं की आवाज येतो, म्हणून वाद्याला हॉर्न. पुढे वाद्य पितळेचं झालं तरी नाव तेच. मग मोटार आली, तिला लोकांना बाजूला करायला आवाज हवा होता, तर त्यालाही हॉर्न. नंतर त्यातली हवा गेली, वीज आली, नाव तेच राहिलं. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी घातली, पण ते शिंग काही गप्प बसलेलं नाही. टोकदार डोंगरालाही हॉर्न म्हणतात, उदाहरणार्थ आल्प्समधला मॅटरहॉर्न. यात आपण मागे नाही बरं का, वणीची सप्तशृंगी आहेच! शिंग आणि शिखर यांचं नातं दोन्हीकडे सारखंच सुचलं.

काही ठिकाणी फसगतही होते. हॉर्न ऑफ आफ्रिका हे खरोखर नकाशावरचं शिंग आहे. पण दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न? त्याचा शिंगाशी काही संबंध नाही. १६१६ मध्ये विलम स्कौटन नावाचा डच दर्यावर्दी तिथून गेला आणि त्याने आपल्या होर्न या गावाचं नाव त्या टोकाला देऊन टाकलं. (हॉर्नचा आणखी एक अर्थ आहे, तो 'वाय' लावल्यावर येतो. त्याची चर्चा हापिसात करू नये.)

आता टेल. याची मजा जास्त आहे, कारण शेपूट हा अवयव लपण्यात पटाईत. इंग्रजी 'कावर्ड' घ्या, म्हणजे भित्रा. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात 'शेपूट' आहे. मराठीत आपण काय म्हणतो? शेपूटघाल्या! पाय लावून पळणाऱ्या कुत्र्याकडे बघून दोन भाषांना एकच शब्द सुचला. 'क्यू' म्हणजे रांग, तोही फ्रेंचमधलं शेपूटच. त्यामुळे आपण संगणकाच्या क्यूमध्ये 'टेल'ला नवीन काम जोडतो, तेव्हा खरं तर शेपटीच्या शेपटीला जोडत असतो. 'सायनोशूर' म्हणजे सगळ्यांच्या नजरा ज्याच्यावर खिळतात तो. मूळ ग्रीक अर्थ, कुत्र्याचं शेपूट! ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकापुंजाचं ते नाव होतं, आणि खलाशी त्याच्याकडे बघून दिशा ठरवत. पेन्सिल हा शब्दही लॅटिनमधल्या 'छोट्या शेपटी'वरून आला, कारण आधी तो कुंचल्यासाठी होता. पेनिसिलिन त्याच घरातलं, कारण ती बुरशी कुंचल्यासारखी दिसते. उलट रिटेल, डिटेल आणि टेलर यांच्यात दिसणारं 'टेल' खोटं आहे. ते फ्रेंचमधल्या 'कापणे' या क्रियापदावरून आले.

आणि आपल्या धंद्यात तर शेपट्याच शेपट्या. लॉगचा शेवटचा भाग बघायला टेल कमांड. फंक्शनने शेवटच्या ओळीत स्वतःलाच हाक मारली की टेल रिकर्शन. क्रिस अँडरसनने ऑक्टोबर २००४ मध्ये 'वायर्ड' मासिकात लेख लिहिला आणि 'लाँग टेल' हा शब्द मार्केटिंगवाल्यांच्या तोंडी बसला: कमी खपणाऱ्या हजारो वस्तूंची लांबच लांब शेपटी. आणि सध्या प्रत्येक डॅशबोर्डवर असते ती टेल लेटन्सी.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या टीममध्ये मराठवाड्यातून आलेला, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक पोरगा आहे. हुशार आहे. पण मीटिंगमध्ये 'टेल लेटन्सी' हा शब्द आला की त्याचा चेहरा गंभीर व्हायचा. त्याने व्याख्या पाठ केली होती, पर्सेंटाइलसकट, इंग्रजीत. मी त्याला म्हटलं, अरे, टेल म्हणजे शेपूट. शंभर विनंत्या आल्या, नव्व्याण्णव पटकन गेल्या, एक रेंगाळली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! तो हसला. आणि मग पुढचा प्रश्न त्यानेच विचारला: "पण दादा, एका पानासाठी शंभर सर्व्हरना विचारायला लागलं तर? प्रत्येकाचं शेपूट अडकू शकतं की!"

बरोबर. जेफ डीन आणि लुईझ बरोझो यांनी २०१३ मध्ये 'द टेल ॲट स्केल' हा लेख लिहिला, त्यातला मुद्दा हाच. एक सर्व्हर शंभरातून एकदाच हळू चालतो असं धरा. पण एका उत्तरासाठी शंभर सर्व्हर लागत असतील, तर शंभरपैकी ६३ वेळा निदान एकाची तरी शेपटी दारात अडकते आणि सगळा हत्ती खोळंबतो. हे त्या पोराने व्याख्येवरून नाही, शेपटीवरून ओळखलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. इंग्रज पोराला 'टेल' ऐकल्यावर शेपूट दिसतं, त्याला पुढचं चित्र फुकटात मिळतं. आपल्याला 'टेल' ऐकल्यावर फक्त एक तांत्रिक शब्द ऐकू येतो, कडक इस्त्रीचा, पाठ करण्यासारखा. आपण शब्द आयात केला, पण त्यातलं जनावर विमानतळावरच राहिलं. आणि मग आपण म्हणतो की मुलांचं इंग्रजी कच्चं आहे. कधी कधी कच्चं असतं ते इंग्रजी नाही, त्या शब्दातलं चित्र कोणी दाखवलेलं नसतं.

यावर आपला सरकारी उपाय काय? प्रतिशब्द! आणि तो शक्यतो संस्कृत. शेपूट म्हणायचं नाही, पुच्छ म्हणायचं. तिथेही जनावर गायबच. याचा पुरावा रोजच्या पेपरात आहे. 'लांगूलचालन' हा शब्द आपण राजकारणाच्या बातम्यांत इतक्या वेळा वाचतो, पण किती जणांना त्यात हलणारी शेपटी दिसते? लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणं. कोणी 'शेपूट हलवतोय' असं लिहिलं असतं तर भांडणं झाली असती. लांगूलचालन म्हटलं की अग्रलेख होतो.

मग कोणी म्हणेल, मराठीत ती ताकदच नाही. हे मात्र मला साफ नामंजूर आहे. आपल्या म्हणी-वाक्प्रचारांत शिंग-शेपटीला काय कमी भाव आहे? शिंगं फुटतात, शिंगं मोडून वासरांत शिरता येतं, मारुतीचं शेपूट संपत नाही, कुत्र्याचं शेपूट सरळ होत नाही. आणि एक फरक तर मला फारच आवडतो. इंग्रज माणूस संकट आलं की बैलाची शिंगं हाताने धरतो. मराठी माणूस समोरच्याला शिंगावर घेतो. म्हणजे इंग्रजीत आपण बैल आवरणारे, मराठीत आपणच बैल!

बरं, मराठी फक्त म्हणींतच अडकली आहे असंही नाही. शिंगाच्या आकाराचं फळ, तो शिंगाडा. बंदुकीला घोडा असतो, रंगाऱ्याचा उभा राहायचा घोडा असतो. प्लंबरकडे पोपटपाना असतो, कारण त्याचं तोंड चोचीसारखं. हा पोपटपाना कुठल्या समितीने बनवला? कुठल्याच नाही. एका मिस्त्रीने हाताखालच्या पोराला हाक मारली असणार, "तो पोपट दे रे इकडे!" झालं. हत्यार परदेशी असो नाहीतर देशी, शब्द तिथे जन्मला जिथे काम शिकवणारा आणि शिकणारा एकाच भाषेत बोलत होते.

आणि नेमकी हीच जागा आपण सोडून दिली आहे. आपण काम इंग्रजीत करतो, शिकवतो इंग्रजीत, आणि मराठी ठेवतो जेवणाच्या डब्यापुरती आणि कोणाला तरी नावं ठेवण्यापुरती. मग शिंग रणशिंगापाशी थांबतं (तेही फक्त निवडणुकीत फुंकतात) आणि शेपूट म्हणीत गोल करून झोपतं. शब्द काम केल्याने मोठा होतो. बसवून ठेवला तर त्याचा अर्थ वाढत नाही, जसा बेंचवर बसवलेल्या इंजिनिअरचा पगार वाढत नाही.

आक्षेप मला माहीत आहे. "डिझाइन डॉक्युमेंटमध्ये शेपूट लिहू का? लोक हसतील." हसू देत की. डग्लस एंगलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात एक लाकडी डबी बनली. तिच्यातून वायर निघायची, उंदराच्या शेपटीसारखी, म्हणून तिला माउस म्हणायला लागले. तेव्हा ते गंभीर तांत्रिक नाव होतं असं वाटतं का तुम्हाला? ती प्रयोगशाळेतली थट्टाच होती. आज माउस वायरलेस आहे. शेपूट गेलं, उंदीर राहिला! आणि आता कोणी हसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आमची टीम पुण्यात, हैदराबादेत आणि टेक्सासात विखुरलेली आहे. तिथे इंग्रजीच चालणार, आणि चालावी. मी डॉक्युमेंट मराठीत लिहा म्हणत नाही. 'टेल'ला हाकलून 'पुच्छविलंब' तर मुळीच आणू नका, हात जोडतो. कागदावर टेल लेटन्सीच राहू दे. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, मराठी बोलणाऱ्या नव्या पोराला किंवा पोरीला समजावताना एकदा तरी तोंडाने शेपूट म्हणा. क्यूला रांग म्हणा, तिचं शेपूट दाखवा. लॉगची शेपटी धरून बस म्हणा. जो शब्द चुरचुरीत असेल तो टिकेल, बाकीचे पडतील. पोपटपान्याचंही असंच झालं असणार.

आता सोमवारी डॅशबोर्डवर तो नव्व्याण्णवाचा लाल आलेख वर चढला, की आमच्या बाजूच्या चार टेबलांवर कोणीतरी ओरडतंच, "शेपूट अडकलं रे!" टेक्सासवाल्यांना यातलं काही कळत नाही. पण कुठे बघायचं ते त्या मराठवाड्यातल्या पोराला सगळ्यात आधी कळतं.